मिनी कॉर्न डॉग मफिन : घरच्या ओव्हनमध्ये, न तळता

मधुरा_डॅलस

डॅलसला राहायचं आणि कॉर्न डॉग (काडीला टोचून, मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं सॉसेज) खायचा नाही असं होतच नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी इथे फेअर पार्कात स्टेट फेअर ऑफ टेक्ससची जत्रा सुरू होते ती २४ दिवस चालते, बिग टेक्सचा ५५ फुटी पुतळा उभा असतो आणि त्याच्या आसपास निम्मी जनता हातात काडीला टोचलेला कॉर्नी डॉग घेऊन, वरून पिवळ्या मस्टर्डची रेघ ओढून फिरत असते. आमच्याकडे पोरांना तो वर्षभर हवा असतो. पण घरी तो काडीवाला तळायचा म्हणजे खोल भांडं, लिटरभर तेल, १८० सेल्सियसच्या आसपास तापमान सांभाळायचं, आणि पोरं पायात पायात. म्हणून मी मिनी मफिन करते, आणि ते इतके आवडीचे झालेत की इथे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी एक सांगते. ह्याला तळलेल्या कॉर्न डॉगसारखं कुरकुरीत कवच येणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. हा मक्याचा खमंग, कडेने खरपूस आणि आतून मऊ मफिन आहे, मधे सॉसेजचा तुकडा. तसा म्हणून खाल्ला तर फार छान लागतो.

२४ मिनी मफिनचं माप देते. अर्धा कप पिवळं कॉर्नमील म्हणजे मक्याचं रवाळ पीठ (साधारण ८० ग्रॅम), अर्धा कप मैदा (६० ग्रॅम), एक टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून बेकिंग सोडा, पाव टीस्पून मीठ, दोन टेबलस्पून साखर, एक अंडं, अर्धा कप बटरमिल्क, तीन टेबलस्पून वितळवलेलं बटर, आणि चार हॉट डॉग (पाव नाही, नुसते सॉसेज). एका हॉट डॉगचे इंचा-इंचाचे सहा तुकडे होतात म्हणजे बरोबर २४.

आता पद्धत, आणि ह्यातच सगळं आहे. कॉर्नमील आधी नुसतं बटरमिल्कमध्ये भिजवायचं, १५ मिनिटं. बहुतेक रेसिप्यांत सगळं एकदम कालवायला सांगतात, मग मक्याचा कण आत कोरडाच राहतो आणि खाताना वाळू चावल्यासारखं होतं. सगळं पीठ कालवून मग १५ मिनिटं ठेवलं तरी उपयोग नाही, कारण सोडा आणि ताक एकत्र आलं की फसफस लगेच सुरू होते आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत निम्मा जोर गेलेला असतो. म्हणून कॉर्नमील एकटं भिजवा, तोवर ओव्हन ४०० फॅरनहाइटला म्हणजे २०० सेल्सियसला तापत ठेवा, तोवर सॉसेजचं बघा, आणि मग शेवटी अंडं, बटर, साखर घालून फेटा आणि मैदा-पावडर-सोडा-मीठ चाळून वरून घाला. मैदा गेल्यावर दहा-बारा वेळा चमचा फिरवला की थांबा, गुठळ्या दिसल्या तरी थांबा. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणतं आणि मफिन चिवट होतात.

सॉसेज. तुकडे पेपर टॉवेलवर टिपून घ्या, मग कोरड्या तव्यावर दोनेक मिनिटं परता, थोडी चरबी सुटते, कडा तांबूस होतात आणि चव दुप्पट होते. गार झाले की चमचाभर मैद्यात घोळवा. ओल्या गुळगुळीत सॉसेजला पीठ धरत नाही, मफिन मोडला की तुकडा टुणकन बाहेर येतो, मैद्याने तो धरून राहतो.

आणि ट्रे. ट्रेला तेल लावून रिकामा ट्रे तीन-चार मिनिटं ओव्हनमध्ये तापवा. इथे दक्षिणेत कॉर्नब्रेड बिडाच्या तव्यात करतात तेव्हा तवा आधी चरबी घालून कडकडीत तापवतात, पीठ पडलं की चर्र आवाज यायला पाहिजे, त्याचंच हे छोटं रूप. तापल्या ट्रेत प्रत्येक खळग्यात एक सपाट टेबलस्पून पीठ, मधे तुकडा दाबून बसवायचा, वर दिसला तरी चालतो, आणि १० ते १२ मिनिटं. कागदी कप वापरू नका, कड खरपूस होत नाही आणि कागदाला अर्धा मफिन चिकटून जातो. ट्रे काळ्या रंगाचा असेल तर तापमान २५ फॅरनहाइटने कमी ठेवा, बूड पटकन काळं पडतं. बाहेर काढल्यावर ट्रेमध्येच पाच मिनिटं राहू द्या, मग सुरीचं टोक फिरवून काढा.

कोणी करून बघितलं तर इथे नक्की लिहा, काय बदललं तेही लिहा.

चटकमटक

मस्त लिहिलंयस. मी पुण्यात आहे, घरात कॉर्नफ्लोअरचा डबा आहे, तोच वापरू ना? आणि बटरमिल्क म्हणजे आपलं ताक का?

मधुरा_डॅलस

@चटकमटक नको नको, तो डबा अजिबात नको! भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं तो पांढरा मक्याचा स्टार्च, सूप दाट करायला वापरतो तो. त्याने मफिन होणारच नाहीत, रबरासारखा गोळा होईल. तुला पिवळं, हाताला रवाळ लागणारं मक्याचं पीठ हवं. किराणा दुकानात मक्याच्या रोटीचं पीठ मिळतं ते चालतं पण ते बारीक असतं, जास्त पाणी पितं, तर एक-दोन चमचे ताक जास्त घाल.

आणि इथलं बटरमिल्क दाट असतं, आपलं पातळ ताक घेतलंस तर पीठ ओघळेल. सहा टेबलस्पून दही आणि दोन टेबलस्पून पाणी घुसळून घे, बरोबर अर्धा कप होतं. दही थोडं आंबट असेल तर उत्तम, सोड्याला आंबटपणा लागतोच.

गिरणीवाली

चटकमटक, पुण्यात असशील तर वाळलेला मका आणून गिरणीत जाडसर दळून घे, बारीक रव्याएवढा सांग, इडली रव्याएवढा नको. आमचा गिरणीवाला ज्वारीच्या आधी किंवा नंतर असं विचारून दळून देतो, एक किलोच्या खाली नाही देत पण ते पीठ बाकी कशातही जातं. फक्त ते फ्रीजमध्ये ठेव. अख्खा दाणा दळलेला असल्यामुळे त्यात मक्याचा कोंब आणि त्यातलं तेल असतं, उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर महिन्याभरात खवट वास येतो. विकतच्या कॉर्नमीलमधला कोंब बरेचदा काढून टाकलेला असतो म्हणून ते जास्त टिकतं.

मधुरा, तिथे मेक्सिकन सामानाच्या दुकानात मासा हरिना पण मिळतं, ते चालेल का? बहिणीने ऑस्टिनहून आणून दिलंय.

मधुरा_डॅलस

@गिरणीवाली दळायची माहिती फार उपयोगी, धन्यवाद! मासा हरिना नको वापरूस. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, सालं काढून मग दळलेला असतो, त्याला टॉर्टियाचा वास येतो आणि पीठ चिकट होतं. टॉर्टियाच कर त्याच्या, सुंदर होतात.

अवनी_जर्सी

छान धागा. इथे जे बीफ किंवा पोर्क खात नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहिते, कारण आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रश्न दर वेळी येतो. हॉट डॉगचं पाकीट समोरून वाचून घेऊ नका, मागे घटकांची यादी वाचा. समोर मोठ्या अक्षरात चिकन लिहिलेलं असतं आणि मागे चिकन, पोर्क असं दोन्ही निघतं. ऑल बीफ लिहिलेलं असेल तर पोर्क नसतं पण बीफ असतं. कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं) म्हणजे पोर्क नाही, पण बीफ बहुतेक असतंच, त्यामुळे कोशर बघून बीफ न खाणाऱ्याने घेऊ नये. निव्वळ चिकन किंवा निव्वळ टर्कीचे मिळतात पण त्यातही वरचं आवरण कशाचं आहे ते बघायला लागतं, कोलॅजेनचं आवरण बीफ किंवा पोर्कचं असू शकतं. स्किनलेस लिहिलेलं असेल तर बरं, त्यात सेल्युलोजच्या नळीत शिजवून नळी काढून टाकलेली असते.

पार्टीत ठेवताना मी टूथपिकला रंगीत कागद लावून चिकन आणि शाकाहारी वेगळे करते. पाहुण्याला विचारायला लागू नये.

मधुरा_डॅलस

अवनी, हे मूळ धाग्यात टाकायलाच हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. मी स्वतः टर्कीचे वापरते. टर्की आणि चिकनमध्ये चरबी कमी म्हणून ते तव्यावर परतताना अर्धा चमचा तेल घालावं लागतं.

डॉक्टरकाकू

रेसिपी आवडली, पण लहान मुलांच्या आयांसाठी एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. चार वर्षांखालच्या मुलाला हॉट डॉगचा गोल तुकडा देऊ नका, मफिनमध्ये असला तरी नको. गोल, गुळगुळीत, दाबला की दबणारा आणि बरोबर लहान मुलाच्या श्वासनळीच्या मापाचा, असा पदार्थ घशात गेला की बुचासारखा घट्ट बसतो आणि खोकून बाहेर येत नाही. मुलं घास अडकून गुदमरण्याच्या ज्या जीवघेण्या घटना होतात त्यात खाण्याच्या पदार्थांपैकी हॉट डॉगचं नाव सगळ्यात वर येतं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१० मध्ये ह्यावर निवेदन काढलं होतं आणि हॉट डॉगच्या आकारावरच विचार करा असं उत्पादकांना सांगितलं होतं.

ह्यावर उपाय अगदी सोपा आहे. सॉसेज आडवं कापायच्या आधी उभं चिरा, चार उभ्या फाका करा, मग त्या फाकांचे मटारच्या दाण्याहून लहान तुकडे करा आणि पिठात मिसळून टाका. मफिन तसाच दिसतो, चव प्रत्येक घासात येते. आणि खाताना मूल बसलेलं हवं, पळत पळत नाही, गाडीत मागच्या सीटवर नाही.

घरात कोणी गरोदर असेल तर सॉसेज पाकिटातून काढून थेट खाऊ नये, वाफ येईपर्यंत गरम झालेलं हवं, ७४ सेल्सियस. लिस्टेरिया ह्या जंतूपासून जपण्यासाठी. मफिनमध्ये भाजल्यावर ते होतं, पण कापताना एखादा तुकडा तोंडात टाकायची सवय असते आपल्याला म्हणून लिहिलं.

मधुरा_डॅलस

डॉक्टरकाकू, मनापासून आभार. माझी मुलं मोठी आहेत म्हणून माझ्या मापात इंचाचे तुकडे आहेत. इथून पुढे जो कोणी वाचेल त्याने छोट्यांसाठी काकूंची पद्धतच वापरावी. पार्टीत वेगवेगळ्या वयाची मुलं असतील तर सगळेच बारीक तुकड्यांचे करा, कुठला मफिन कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

केदार_मिडवेस्ट

मी स्प्रिंगफील्ड, इलिनॉयला काही वर्षं होतो, तिथले लोक कॉर्न डॉग डॅलसचा आहे म्हटलं की लगेच हरकत घेतात. तिथे कोझी डॉग नावाचं दुकान आहे, रूट ६६ ह्या जुन्या महामार्गावर. एड वॉल्डमायर नावाच्या माणसाने दुसऱ्या महायुद्धात टेक्ससमध्ये अमारिलोच्या हवाई तळावर असताना काडीवर तळलेले हॉट डॉग करायला सुरुवात केली आणि परत आल्यावर १९४६ मध्ये स्प्रिंगफील्डला विकायला काढले. डॅलसचे फ्लेचर बंधू, नील आणि कार्ल, हे आधी नाटकमंडळीतले कलाकार, ते १९४२ पासून जत्रेत विकतायत असं फ्लेचर्सवाले सांगतात. ऑरेगनच्या रॉकअवे बीचवर प्रॉन्टो पप नावाचं दुकान आहे ते म्हणतात आमचा त्याच्याही आधीचा.

पण मला सगळ्यात रोचक वाटतं ते पेटंट. बफेलो, न्यूयॉर्कच्या स्टॅनली जेंकिन्स ह्यांनी १९२७ मध्ये अर्ज केला आणि १९२९ मध्ये पेटंट मिळालं, काडीला पदार्थ टोचून पिठात बुडवून तळायच्या यंत्राचं. त्यात नुसते सॉसेज नाहीत, उकडलेलं अंडं, चीज, केळं, अननस, पीच, अंजीर, खजूर, स्ट्रॉबेरी, सगळं काडीला टोचून तळता येईल असं लिहिलंय. म्हणजे शाकाहारी आवृत्ती पहिल्या दिवसापासून होतीच.

शाकाहारी_सखी

केदार, हे वाचून फार बरं वाटलं, कारण मी हाच प्रश्न घेऊन आले होते! सॉसेजऐवजी काय घालू? मोझरेलाच्या कांड्या घालून बघितल्या, चीज वितळून खाली गेलं आणि मधे पोकळी राहिली. कोरियन कॉर्न डॉगमध्ये तर अख्खी मोझरेलाची कांडी असते, तिथे कसं टिकतं?

मधुरा_डॅलस

@शाकाहारी_सखी कोरियन कॉर्न डॉग तळलेला असतो, कवच दोन-तीन मिनिटांत कडक होतं आणि चीजला पळायला जागाच राहत नाही, वर तो लगेच गरम गरम खातात. ओव्हनमध्ये दहा मिनिटं लागतात तोवर मोझरेला पाणी होते. पनीर घाल. पनीर लिंबू किंवा व्हिनेगर घालून आंबटाने फाडलेलं असतं, ते कितीही तापवलं तरी वितळत नाही, आकार सोडत नाही. इंचाचे चौकोन कर, मीठ, तिखट, थोडी स्मोक्ड पॅप्रिका आणि तेल चोळून तव्यावर सगळ्या बाजूंनी तांबूस कर. मीठ हात राखून नको, सॉसेजमध्ये मीठ भरपूर असतं म्हणून पिठात कमी घातलंय, पनीरला ते भरून काढायला हवं. चीजची चव हवीच असेल तर मूठभर चेडर किसून पिठातच घाल, कडेला चिकटून त्याची जाळी होते ती आमच्याकडे आधी संपते.

अंडं चालत नसेल तर अंड्याऐवजी पाव कप दही घाल आणि बेकिंग पावडर चिमूटभर वाढव. रंग थोडा फिका येतो, दोन मिनिटं जास्त ठेव.

शाकाहारी_सखी

अंडं चालतं, पनीर करते. रंगासाठी हळद घालू का?

गिरणीवाली

हळद सोड्याबरोबर नको. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके पडतात ना, तेच होईल. पिवळ्या मक्याचा रंग पुरेसा येतो.

नॅशव्हिलकर

लेख उत्तम, भिजवण्याची युक्ती तर फारच पटली. एका गोष्टीवर मात्र माझं ठाम मत आहे, साखर. इथे टेनेसीत कॉर्नब्रेडमध्ये साखर घातली तर म्हातारी माणसं त्याला केक म्हणतात. दोन टेबलस्पून साखरेने मक्याची स्वतःची गोडी दबते. मी साखर शून्य केली, बटरऐवजी तितकंच तेल घेतलं आणि एक बारीक चिरलेली हलापेनो मिरची आणि कांद्याची पात घातली. गरम मफिन, वर मध आणि मस्टर्ड समसमान कालवून. मधाचा गोडपणा वरून येतो तो वेगळा लागतो.

मधुरा_डॅलस

@नॅशव्हिलकर पात आणि हलापेनो नक्की करून बघणार. साखरेचं मात्र मला पटत नाही. कॉर्नब्रेडमध्ये साखर नको हे मान्य, पण कॉर्न डॉगचं पीठ गोडसरच असतं, खारट सॉसेज आणि गोडसर कवच ह्या जोडीमुळेच तो कॉर्न डॉग लागतो. शिवाय साखरेने दहा मिनिटांत रंग येतो, शून्य केली तर पांढुरके राहतात आणि रंगासाठी जास्त भाजावं तर कोरडे होतात. एक टेबलस्पूनवर तडजोड करू.

नॅशव्हिलकर

एक टेबलस्पून मान्य. त्याहून जास्त नाही.

कोकणकन्या

माझ्याकडे ओव्हन नाही, रत्नागिरीला आहे. आप्पेपात्रात केले!! आणि फार सुंदर झाले म्हणून मुद्दाम लिहायला आले. चिकन सॉसेज मिळतात फ्रोजन, ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवले, आणि तुकडे अर्ध्या इंचाचेच केले कारण खळगा उथळ असतो. साखर एकच चमचा घातली कारण आप्पेपात्रात गोड पीठ पटकन करपतं. खळग्यात तेल, गॅस बारीक, पीठ, तुकडा, झाकण, चार मिनिटं, मग काडीने उलटून झाकण न ठेवता आणखी तीन. दोन्ही बाजूंनी खरपूस होतात, ओव्हनपेक्षा कवच जास्त येतं असं मला तरी वाटतंय. बिडाचं आप्पेपात्र असेल तर सोडूच नका.

मधुरा_डॅलस

कोकणकन्या!! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि किती चपखल आहे. माझ्याकडे बिडाचं आप्पेपात्र आहे, ह्या शनिवारी तेच. तापल्या बिडावर पीठ पडणं हाच तर दक्षिणेतल्या कॉर्नब्रेडचा जीव आहे आणि आप्पेपात्रात ते आपोआप होतंय.

सासष्टीकर

आप्पेपात्रावरून विचारतो, गोव्याचं चोरीस (पोर्क सॉसेज) घातलं तर? घरात माळ लटकतेय.

मधुरा_डॅलस

@सासष्टीकर चव जबरदस्त येईल पण थेट तुकडा घालू नका. हॉट डॉग आधीच शिजलेला असतो, चोरीस कच्चं असतं, दहा मिनिटांत मफिनच्या आत नीट शिजेल ह्याची खात्री नाही. शिवाय चरबी भरपूर, ती सगळी पिठात उतरून मफिन तेलकट लाल होईल. आवरण काढून, कांद्याबरोबर पूर्ण शिजवून, सुटलेली चरबी निथळून, गार झाल्यावर पाव कप पिठात मिसळा. व्हिनेगरचा आंबटपणा आणि मिरची त्यात आहेच, मग पिठातली साखर तशीच ठेवा आणि मस्टर्ड नको.

सासष्टीकर

रविवारी करतो. ती निथळलेली चरबी मात्र फेकणार नाही, आप्पेपात्राला तीच लावणार.

सौरभ_ठाणे

ओटीजीमध्ये केले, २० लिटरचा आहे. वरून छान रंग आला पण सॉसेजच्या भोवती आणि खाली पीठ ओलसर राहिलं. वेळ १४ मिनिटं दिली होती. काय होत असेल?

मधुरा_डॅलस

@सौरभ_ठाणे छोट्या ओटीजीत वरचा रॉड मफिनच्या फार जवळ असतो, वरचा भाग झाला म्हणून आपण काढतो आणि आत कच्चं. पहिली आठ मिनिटं फक्त खालचा रॉड लाव, मग दोन्ही. जाळी मधल्या खाचेत. आणि १० मिनिटं आधी तापव, छोट्या ओटीजीचं दार उघडलं की उष्णता भसकन जाते त्यामुळे ट्रे ठेवताना २१० ला ठेवून मग २०० वर आण.

भोवतीचा ओलसरपणा मात्र सॉसेजचा असणार. फ्रोजन होतं का? बर्फ पूर्ण उतरला नसेल तर ते भाजताना पाणी सोडतं आणि आजूबाजूचं पीठ थंडही ठेवतं. पूर्ण उतरवून, टिपून, तव्यावर परतून घेतलं की हे होत नाही.

सौरभ_ठाणे

हो फ्रोजनच, आणि परतायची पायरी गाळली होती. बरोबर. उद्या परत.

डेन्व्हरकर

डेन्व्हर, उंची ५,२८० फूट. इथे जशीच्या तशी रेसिपी केली तर मफिन आधी फुगून मग मधे बसतात, हवेचा दाब कमी म्हणून गॅस जास्त फुलतो आणि कवच धरायच्या आत कोसळतो. बेकिंग पावडर पाऊण टीस्पून, सोडा अर्ध्या पाव टीस्पूनवर, बटरमिल्क एक टेबलस्पून जास्त, ओव्हन ४१५ फॅरनहाइट. मग बरोबर घुमट येतो. भिजवण्याची पायरी इथे आणखी महत्त्वाची आहे कारण हवा कोरडी, कॉर्नमील पण कोरडं ठणठणीत.

आनंदी_वाचक

रेसिपी छान आहे पण सॉसेज मुलांना द्यावं का असा प्रश्न मनात येतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलंय ना?

डॉक्टरकाकू

हो. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा तो आकडा आहे. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे इतकंच, सिगरेटही त्याच गटात आहे म्हणून दोन्हींचा धोका सारखा असा त्याचा अर्थ नाही. पण रोजचा खाऊ हा नव्हेच. मधुराच्या मापात सहा मफिन म्हणजे एक अख्खा हॉट डॉग, साधारण ४५ ते ५५ ग्रॅम. वाढदिवसाला, सामन्याच्या दिवशी ठीक आहे. अनक्युअर्ड (वेगळं नायट्राइट न घातलेले) लिहिलेले महाग घेऊन निश्चिंत होऊ नका, त्यात बहुतेक सेलरीची पावडर असते आणि तिच्यातूनही नायट्राइटच येतं. रोजच्या डब्यासाठी पनीरवाले करा.

आनंदी_वाचक

ग्रॅमचा हिशोब दिलात त्यामुळे ठरवणं सोपं झालं. आम्ही महिन्यातून एकदा करू आणि मधे पनीरचे.

घाईतली_आई

कॉर्नमील भिजवायला वेळ नसेल तर जिफीचा तो कॉर्न मफिनच्या तयार मिश्रणाचा निळा डबा वापरते मी. साडेआठ औंसाचा डबा, एक अंडं, तिसरा हिस्सा कप दूध, बाकी सॉसेजचं सगळं मधुराप्रमाणे. ४०० वर दहा-अकरा मिनिटं. फक्त शाकाहारी असाल तर डब्यावरचे घटक वाचून घ्या, त्यात पूर्वी लार्ड म्हणजे डुकराची चरबी असायची.

प्रश्न असा की आदल्या रात्री करून सकाळी डब्यात देता येतील का? शाळेत गरम करायची सोय नाही.

मधुरा_डॅलस

@घाईतली_आई जिफीचं पीठ पण दहा मिनिटं ठेवून मग ट्रेत घाल, त्यात ताक नसल्यामुळे तेवढ्याने जोर जात नाही आणि दाणा मऊ होतो.

आदल्या रात्रीचे चालतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, वाफ कोंडली की कड मऊ पडते. रात्री फ्रीजमध्येच ठेव, मांस आहे, ओट्यावर नको. सकाळी ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये १७५ सेल्सियसला पाच-सहा मिनिटं, मायक्रोवेव्ह नको, त्याने मऊ आणि मग चिवट होतात. थर्मासच्या डब्यात उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून टाक, डबा आतून कोरडा पूस आणि गरम मफिन पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून भर, जेवायच्या सुट्टीपर्यंत चांगले गरम राहतात. वाढदिवसाला वर्गात वाटायचे असतील तर आधी शिक्षिकेला विचार, इथे पुष्कळ शाळांत घरी केलेलं वाटू देत नाहीत, बंद पाकिटातलंच चालतं.

जास्तीचे करून ठेवायचे असतील तर ताटात सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भर, दोन महिने छान राहतात. गोठलेले थेट १७५ ला दहा मिनिटं.

चटकमटक

केले! बारीक पीठच मिळालं, दोन चमचे ताक वाढवलं. २४ ऐवजी २१ झाले कारण माझ्या ट्रेचे खळगे थोडे मोठे आहेत. मुलाने मस्टर्ड नको म्हटलं, त्याला काय देऊ बरोबर?

मधुरा_डॅलस

वा वा! दोन टेबलस्पून मेयोनेज, एक टेबलस्पून केचप, चिमूटभर पॅप्रिका आणि लोणच्याच्या काकडीचं एक चमचा पाणी. मुलं हे बोटाने चाटून खातात. थोडा मोठा झाला की त्यातच पाव चमचा मस्टर्ड घालत जा, हळूहळू वाढव.